जांभ्यावरचं शहर

दंड पुढे करा. काल खाडी ओलांडून पलीकडे जाताना पहारेकऱ्याने तुमच्या उघड्या दंडावर जो शिक्का उठवला, तो अजून पुसला नाही ना? घामाने कडा फिसकटल्यात, पण ओळखू येतोय. बझारूकची दोन नाणी त्याच्या हातावर टेकवा आणि पुढे सरका, मागचे लोक ढकलताहेत. एकाच्या डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं आहे आणि त्यातली पिसं तुमच्या ओल्या मानेला चिकटताहेत. कुणाच्या खांद्यावरचा फणस इतका पिकलाय की वासानेच माश्यांची झुंड मागे लागली आहे.

ही बाणस्तारी. साल १५८५च्या आसपासचं, वैशाख सरत आलेला. तुम्ही तिसवाडीच्या बेटावर राहता आणि गोवा शहरातल्या एका पोर्तुगीज घराचा बाजारहाट करता. बेटावर भात होतो, माड आहेत, मासे आहेत; पण एवढ्या माणसांनी भरलेल्या शहराचं त्यावर भागत नाही. कोंबड्या, अंडी, भाजीपाला पलीकडच्या आदिलशाही मुलखातून आणावा लागतो. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारी ही खाडी आहे म्हणून शत्रू सहज आत येत नाही. आणि ती आहे म्हणूनच शहराचं रोजचं जेवण अशा वाटांवर, दंडावरच्या शिक्क्याने मोजलं जातं.

चला, पाय उचला. तांबडी धूळ घोट्यापर्यंत येते. वाटेत जांभ्याच्या खाणीत चिरे काढणं चाललंय. दगड खाणीत असताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो. बांधणाऱ्याला आणखी काय हवं? चर्च, वाडे, तटबंदी, सगळं याच दगडाचं, वरून चुन्याचा गिलावा. एका फुटलेल्या चिऱ्याकडे जरा वाकून बघा. भोकंच भोकं आहेत. हे लक्षात ठेवा.

सकाळी सात ते नऊ शहरातल्या मोठ्या सरळ रस्त्यावर, रुआ दिरैतावर, लिलाव असतो. आधी आवाज येतो, मग घोड्यांच्या लिदीचा वास, मग माणसांची भिंत. दवंडीवाल्यांनी विकायचे दागिनेच अंगावर चढवलेत: गळ्यात सोन्याच्या साखळ्या, मोत्यांचे सर, बोटांत अंगठ्या. बाजूला होर्मुझहून आलेले अरबी घोडे पाय आपटताहेत. दख्खनच्या हवेत आणि चाऱ्यावर अशी जनावरं नीट निपजत नाहीत, म्हणून तिथले सुलतान ती विकत घेतात, आणि ती विकायला हे बंदर किनाऱ्यावर मोक्याच्या जागी बसलंय. घोडे आणणाऱ्या जहाजाला बाकीच्या मालावरची जकातही माफ होते.

घोड्यांच्या पलीकडे माणसं उभी आहेत, विकायला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली, काही अगदी कोवळी पोरं. त्यांचे हातपाय तपासले जाताहेत, आत्ता घोड्याचे तपासले तसेच. मान फिरवू नका. या शहरातल्या श्रीमंताच्या डोक्यावरची छत्री, खांद्यावरची पालखी आणि घशाखालचं पाणी, तिन्ही याच लोकांच्या हातून येतं.

पाण्याचं म्हणताच तहान लागली असेल. घरी चला. शिंपल्यांच्या पातळ तावदानांतून दुधी उजेड आत येतोय. मालकीण चटईवर बसून विडा चघळते आहे. भात तीही हातानेच खाते. कोपऱ्यातली काळ्या मातीची सुरई घ्या, ओठांना न लावता उंचावरून धार सोडा. तुम्हाला हे आईच्या मांडीवरच शिकवलंय. तिथे बसलेला तो तरुण गेल्या सप्टेंबरच्या ताफ्यातून आला, त्याला अजून जमत नाही. पाणी नाकात जातं, छातीवर सांडतं आणि घरभर हसू फुटतं. नव्या माणसाला इथे ‘रेइनॉल’ म्हणून चिडवतात.

हे पाणी बायंगिणीच्या झऱ्याचं. गुलाम ते मडक्यांत भरून आणतात आणि दारोदार विकतात. अंगणात विहीर आहे की, मग हा खर्च कशाला? विहिरीचं पाणी धुण्याला, अंघोळीला. तिच्यापासून थोड्याच अंतरावर संडासाचा खड्डा आहे, शेजारच्या वाड्यात तसाच दुसरा, पलीकडे तिसरा. मधे जमीन आहे ती जांभ्याची. पहिल्या पावसाचं पाणी जसं त्यात नाहीसं होतं, तसंच बाकी सगळंही होतं, आणि ते कुठेतरी निघतंच. ज्याच्या गाठीला झऱ्याचं पाणी घ्यायला पैसा नाही, तो विहिरीचंच पितो.

दुपारी धक्क्यावर जाऊन या. सकाळभर जमिनीकडून मतलई वारा होता, आता समुद्राकडून खारा वारा सुटेल. आज मात्र कुणी शिडं उभारत नाही. जहाजांच्या डोलकाठ्या, दोर उतरवून ती चटयांनी झाकणं चाललंय. थोड्या दिवसांत मांडवीच्या तोंडाशी वाळूचे बांध चढतील आणि ही वाट पार सप्टेंबरपर्यंत बंद. म्हणून बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आगोट आहे! तांदूळ, सुकी मासळी, लोणची, सरपण. आर्चबिशपच्या पदरी यान लिन्शोटेन नावाचा विशीतला डच कारकून आहे, तो हे सगळं बारकाईने टिपतोय. पाच-सहा महिन्यांच्या सफरीला जहाज भरावं तशी इथे घरं भरतात, असं तो पुढे लिहील. गोव्यातली घरं आजही मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात.

मग पाऊस येतो. छपरावर इतका आवाज की शेजारी ओरडून बोलावं लागतं. कपाटातले कपडे बुरसतात, भिंती घाम सोडतात, अंधारात डासांचा गुंजारव कानातून हलत नाही. एके रात्री तो सुरईवाला तरुण पोट धरून वाकतो. मोडशी! उलट्या, जुलाब, पायांत वांब, डोळे आत गेलेले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाचं वर्णन याच शहरात १५६३ साली छापलेल्या पुस्तकात केलं होतं. आपले पंडित वैद्यही पोर्तुगिजांच्या घरी येतात, थेट व्हाईसरॉयची नाडीसुद्धा बघतात. पण विहिरीकडे बोट कोण दाखवणार? रोग हवेतून येतो, अशी त्या काळची एक समजूत. त्या मुलाला नदीकाठच्या राजाच्या इस्पितळात नेतात. दरवर्षी निदान पाचशे माणसं तिथे जिवंत जातात आणि मेल्याखेरीज बाहेर येत नाहीत, असं लिन्शोटेनच लिहितो. त्या तरुणाच्या जागेवर नवा माणूस येईल. सप्टेंबरात वाळू हटली की लिस्बनची जहाजं लागतील आणि त्यांतून पुन्हा तरुण उतरतील, कित्येक आधीच आजारी.

मला वाटतं, या शहराला कुणा सेनापतीपेक्षा त्याच्या पायाखालच्या दगडाने अधिक हरवलं. ज्या नदीने जहाजं आत आणली, तिच्याच काठच्या ओलीत ताप पोसला गेला. ज्या चिऱ्याने वाडा उभा केला, त्याच चिऱ्यातून एका घराची घाण दुसऱ्याच्या घागरीत गेली. साथींमागून साथी आल्या. ज्यांना परवडलं ते निघून गेले, आणि १७५९ साली व्हाईसरॉयही पणजीला राहायला गेला, नदीच्या मुखाजवळ, जिथे खारा वारा सरळ अंगावर येतो.

तेव्हा आता १५८५पासून अडीचशे वर्षं एका ढांगेत ओलांडा आणि त्याच धक्क्यावर या. घोडे नाहीत, दवंडी नाही; पण गडबड भरपूर आहे. पहारींचे घाव, मुकादमाच्या शिव्या, तांबडी भुकटी नाकातोंडात. ओस पडलेले वाडे उतरवून त्यांचा दगड होड्यांत भरला जातोय, कारण पणजीत घरं उठताहेत आणि तिथे दगड हवा आहे. तुम्हीही हात लावा. चिरा जड आहे, दोघांनी उचला, खालून धरा. होडी भरली की ओहोटी लागेपर्यंत थांबायचं. पाणी उतरू लागलं की पणजीपर्यंत वल्ही फारशी मारावी लागत नाहीत.