मुंबई न पाहता लिहिलेला मराठी इन्स्पेक्टर

नेसरीत उभं राहून एका इंग्रज रहस्यकथाकारावर बोलायचं म्हणजे सुरुवातीलाच खुलासा करायला हवा. नेसरी म्हटलं की महाराष्ट्राला प्रतापराव गुजर आठवतात, 24 फेब्रुवारी 1674 आणि ते सात वीर आठवतात. पण या नेसरीबद्दल ज्यांनी लिहिलं, गायलं, भाषणं ठोकली, त्यांतल्या कितीजणांनी ही खिंड डोळ्यांनी पाहिली असेल? आपल्याला त्याचा राग येत नाही. लिहिणाऱ्यानं जागा पाहिलीच पाहिजे का, हा आजचा माझा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी एच. आर. एफ. किटिंग या माणसाला इथे आणलंय.

किटिंगचा जन्म 1926 चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, मग वर्तमानपत्रातली नोकरी. पुढे पंधरा वर्षं लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यानं गुन्हेकथांची परीक्षणं लिहिली. बायको शीला मिचेल, नटी. 1959 पासून त्यानं दरवर्षी एक अशा पाच रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. इंग्लंडात त्या खपल्या, पण अमेरिकन प्रकाशक म्हणायचे, हे फारच इंग्रजी आहे, आमच्याकडे चालणार नाही. प्रश्न पोटाचाच होता म्हणा ना. म्हणून त्यानं ठरवलं, पुढची गोष्ट इंग्लंडबाहेर घडवायची. निवडली मुंबई. आणि मुंबई त्यानं पाहिलेली नव्हती! नकाशे, वर्तमानपत्रं, पुस्तकं एवढ्या भांडवलावर 1964 साली ‘द परफेक्ट मर्डर’ आली. तिला ब्रिटिश गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेचा गोल्ड डॅगर मिळाला, आणि मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे जगाला माहीत झाला.

आता हे पुस्तक मराठी माणसानं वाचलं तर पहिल्या काही पानांतच हसू येतं. मुंबईच्या एका बड्या धनिकाचं नाव आहे लाला वर्दे. अहो, ‘लाला’ उत्तरेकडचा आणि ‘वर्दे’ आपल्या कोकणातला! घोटेच्या बायकोचं नाव प्रोतिमा, म्हणजे बंगाली वळणाचं. 1988 साली इस्माईल मर्चंट यांच्या कंपनीनं यावर चित्रपट काढला. नसीरुद्दीन शाह घोटे, रत्ना पाठक त्याची बायको. त्यात गुपचूप दुरुस्ती झाली. लाला वर्दे झाले लाला हिरालाल आणि प्रोतिमा झाली प्रतिमा.

पण चुकांवर थांबलो तर मुद्दा हातचा जाईल. गोष्ट काय आहे बघा. या लालाच्या पारशी सेक्रेटरीवर हल्ला होतो. त्याचं आडनावच परफेक्ट. तो मरतो की जगतो याचा पत्ता नाही, तरी सगळे ‘परफेक्ट मर्डर’ म्हणून ओरडतात. त्याच वेळी एका मंत्र्याच्या ऑफिसातून चोरी होते. काय चोरीला जातं? एक रुपयाची नोट! आणि दोन्ही तपास घोटेच्या डोक्यावर. वरून एक उंचपुरा स्वीडिश पाहुणा पोलिसांचं काम कसं चालतं ते बघायला त्याच्या मागे मागे. लाला ओरडतोय, मंत्री ओरडतोय, साहेब ओरडतोय, घरी पोरगा वाट बघतोय. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे मला आपले बाबूराव अर्नाळकर आठवतात. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातून गिरणीत गेलेली माणसं सुट्टीला गावी यायची, तेव्हा ट्रंकेत कपड्यांखाली ही पातळ पुस्तकं असायची. माझ्या चुलत्यांच्या ट्रंकेतूनच मी पहिली काढली. मुंबईला जाण्याआधी आम्ही पोरांनी मुंबई पाहिली ती धनंजय-छोटूबरोबर, झुंजारबरोबर, काळा पहाडबरोबर. आम्हीसुद्धा किटिंगच होतो की!

पण अर्नाळकरांचे हे नायक कोण होते? रुबाबदार, निर्भय, पोलिसांच्या चार पावलं पुढे असणारे. साचा इंग्रजी गुन्हेकथेतून आलेला, शेरलॉक होम्सच्या घराण्यातला. त्या घराण्यात पगारी पोलीस हा नेहमी थोडा मठ्ठ, नायक म्हणजे खाजगी हुशार माणूस. यात अर्नाळकरांना कमी लेखायचं नाही, त्यांनी आमच्या पिढीला वाचायला लावलं. मात्र गंमत अशी की आपण इंग्रजांचा साचा घेऊन मुंबईत बसवत होतो, आणि त्याच सुमाराला एक इंग्रज तो साचा बाजूला ठेवून मुंबईच्या एका साध्या, बिचकणाऱ्या, पगारी इन्स्पेक्टरला नायक करत होता. घोटे कुणापेक्षा हुशार नाही. तो चिकट आहे आणि प्रामाणिक आहे. वरिष्ठांपुढे त्याची जीभ जड होते, तरी तपास सोडत नाही. होम्सच्या लेखकानंही हिंदुस्थान न पाहता लिहिला होता. 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याचा खजिना आहे. पण तिथे हिंदुस्थान म्हणजे खजिना, शाप आणि विषारी काटे. न पाहता लिहिण्यातही एवढा फरक पडू शकतो.

1968 साली किटिंगनं डाव उलटा टाकला. ‘इन्स्पेक्टर घोटे हंट्स द पीकॉक’मध्ये घोटेच लंडनला जातो, एका परिषदेसाठी. लंडन त्यानं फक्त पुस्तकांतून पाहिलेलं, डोक्यात न्यायाचं आणि शिस्तीचं शहर. तिथे नातेवाईक गळ्यात पडतात: आमची पोरगी हरवलीय, शोधून दे. तिचं लाडाचं नाव मोर. शोधता शोधता पुस्तकातलं लंडन हळूहळू गळून पडतं. म्हणजे किटिंगची जी अवस्था मुंबईबाबत होती, तीच त्यानं घोटेला लंडनबाबत दिली. मला वाटतं, आपण काय करतोय याची त्याला पुरती जाणीव होती.

पुढे एअर इंडियाला हा प्रकार कळला आणि त्यांनी त्याला विमानानं मुंबईला आणलं. लिहायला लागल्यानंतर दहा वर्षांनी! नंतरच्या पुस्तकांत वास, गर्दी, सिनेमाचे स्टुडिओ येतात, 1976 च्या ‘फिल्मी, फिल्मी’मध्ये तर भरपूर. पण घोटे तोच राहिला. माणूस त्याला आधीच सापडला होता, जागा नंतर मिळाली.

त्याचं सर्वांत चांगलं पुस्तक माझ्या मते 1986 चं ‘अंडर अ मॉन्सून क्लाउड’. पावसाळी रात्र, आडगावचं पोलीस ठाणं. घोटे ज्यांना देव मानतो ते कडक अधिकारी ‘टायगर’ केळकर रागाच्या भरात एका वेंधळ्या सार्जंटला पितळी दौत फेकून मारतात, आणि तो मरतो. साक्षीदार एकटा घोटे. तो केळकरांना वाचवायला मदत करतो. पुढे चौकशी बसते. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि त्याच्यासाठी ती नोकरी म्हणजेच आयुष्य. खोटं बोललं तर ज्यासाठी नोकरी केली तेच जाणार. यात खून कोणी केला हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

किटिंग 2011 साली गेला. घोटेचा शेवट करायचा म्हणून 2000 साली एक कादंबरी लिहिली होती, पण राहवलं नाही, 2008 ला पुन्हा घोटेच्या पहिल्या तपासाची गोष्ट घेऊन आला.

त्या चौकशीत घोटे काय बोलतो ते मी सांगत नाही, वाचणाऱ्यांचा हक्क आहे तो. चहा आलाय वाटतं. प्रश्न असतील तर विचारा.