वारीतलं पायताण

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी कुणी काढली, पहिली वीणा कुणाच्या गळ्यात होती, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे या पुस्तकात जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. मंडळी मला म्हणाली, महाराज, तुम्हीपण काहीतरी लिहा. मी विचार केला, सगळ्याचं लिहून झालं, पण ज्या पायांनी दिंडी शंभर वर्षं चालली त्या पायांचं कुणी लिहिलं नाही. म्हणून मी पायताणाचा इतिहास लिहितो. कुणाला विषय हलका वाटेल. पायताण हा शब्द आपल्याकडं भांडणातच जास्त निघतो. पण माऊली, पालखीत काय असतं ते आठवा. पालखीत पादुका असतात. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. पुढं हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून माऊलींचा सोहळा वेगळा काढला, तोही पादुकांचाच. संतांच्या पायातलं आपण डोक्यावर घेतो. मग वारकऱ्याच्या पायातलं निदान कागदावर यायला काय हरकत आहे?

आमच्या आज्याच्या काळात वहाण कातड्याची. गावचा चर्मकार म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमवायचा. तळ जाड, अंगठा, पट्टा, सगळी शिवण वादीची. करकर वाजायची. नवी वहाण आठ-पंधरा दिवस पाय कापायची. मग तेल पाजून पाजून ती नरम व्हायची आणि एकदा पायाला बसली की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. रानात काट्याकुट्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण वारी पडते ज्येष्ठ-आषाढात. पाऊस लागला की कातडं भिजतं, फुगतं, वजनाला दुप्पट होतं, शिवण कुजते. आणि त्या वेळी डांबरी रस्ता कुठला? गाडीवाट. काळ्या रानातून गेलं की पावलागणिक शेर-शेर चिखल वहाणेला धरायचा. म्हणून म्हातारी माणसं काय करायची, वहाणा काढून काठीला अडकवायची, काठी खांद्यावर टाकायची आणि अनवाणी चालायची. चिखलातनं मोकळा पाय बरा. निरेच्या अलीकडं-पलीकडं माळ लागला, खडे टोचायला लागले, की वहाणा परत पायात. हे मी आज्याकडून ऐकलेलं आहे. तेव्हा अनवाणी चालणं हा बराचसा वाटेचा आणि पावसाचा हिशेब होता.

पुढं वाट बदलली. 1972 चा दुष्काळ पडला. खडी फोडून, माती टाकून माणसं जगली आणि गावोगाव रस्ते झाले. मी पहिली वारी केली ती पुढच्याच साली, 1973 ला, वडिलांचं बोट धरून. माझ्या पायात टायरची चप्पल होती. ट्रकचा झिजलेला टायर कापून तळ, वर पट्टे, खिळ्यानं ठोकलेले. टायर झिजत नाही, पण खिळा वर येतो. दिवे घाटात माझ्या टाचेत खिळा घुसला, तो वडिलांनी दगडानं ठोकून बसवला. त्यानंतर रबरी स्लिपर आली. स्वस्त, हलकी, पाण्याला भीत नाही. सगळी दिंडी स्लिपरवर आली. तिचे दोन अवगुण. एक म्हणजे चालताना मागून चिखल उडतो, धोतराला कंबरेपर्यंत नक्षी. दुसरा म्हणजे अंगठ्याजवळचं रबर निसटतं. मग त्याला खालून पिन लावायची. आपल्या दिंडीतल्या बाया मंगळसूत्राला पिना अडकवून ठेवायच्या त्या याच कामाला. आता दहा-पंधरा वर्षं झाली, तरणी पोरं बूट घालून येतात. सुरुवातीला आम्ही म्हातारे त्यांना बोललो. बूट घालून वारी करतोस का शाळेला चाललाय, असं मीच एकाला सगळ्यांसमोर म्हणालो होतो.

आता जे लिहिणार ते लिहायला थोडं जड जातं. पण शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर नुसती जमेची बाजू लिहून चालत नाही.

मी कीर्तनात बरीच वर्षं माझ्या आजीचं उदाहरण द्यायचो. माझ्या आजीनं डोक्यावर तुळस घेऊन अनवाणी चौदा वाऱ्या केल्या, पायात कधी वहाण घातली नाही, असा तिचा नेम, असं सांगायचो. लोक माना डोलवायचे, बाया डोळे पुसायच्या. एकदा आमच्या आत्याबाई कीर्तनाला होत्या. कीर्तन झाल्यावर घरी जेवायला बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरं, नेम कसला? तिला वहाणा घेऊन कोण देत हुतं? घरात दोन जोड. एक तुझ्या आज्याचा, एक थोरल्या चुलत्याचा. वारीहून आली की रातच्याला टाचंच्या भेगांत मेण वितळवून भरायची आन् कुणाला दिसंल म्हणून तोंडात पदर धरून रडायची. तू आपला सांगतोस, नेम हुता."

मला घास गिळेना. त्या रात्री झोप आली नाही. मग मी विचार करायला लागलो की आपल्या दिंडीत अनवाणी कोण कोण होतं आणि का होतं. तीन तऱ्हा निघाल्या. पहिली, ज्यानं मनानं नेम धरला. आपले जुने विणेकरी तसे होते. वीणा गळ्यात आली की पायातलं काढायचे. त्यांना माझा दंडवत. दुसरी, ज्याला पायताण घ्यायची ऐपत नव्हती. यात बाया सगळ्यात जास्त. तिसरी, ज्याला घालायची बंदी होती. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही. गावकुसाबाहेरच्या माणसानं मोठ्या वाड्यापुढून जाताना पायताण हातात घ्यायचं, बाईमाणसानं चावडीवरून जाताना चप्पल काढायची, ही रीत मी डोळ्यांनी बघितलेली आहे. ऐपत नसणं आणि बंदी असणं, या दोन्ही तऱ्हा मी कीर्तनात नेमात घालून मोकळा झालो होतो. दुसऱ्याच्या दुःखाला भक्तीचं नाव दिलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

दिंडीच्या जुन्या वह्या देवळाच्या पेटीत आहेत. भिशीचा हिशेब आहे. मोडीतलं जाणत्याकडून वाचून घेतलं, बाळबोधातलं मी स्वतः वाचलं. पीठ, मीठ, गूळ, कंदिलाचं तेल, बैलांची वैरण, सगळं पैशा-आण्यानं लिहिलेलं आहे. पण वहाणा सांधायचा एक पैसासुद्धा कुठं लिहिलेला नाही. मग वहाणा तुटत नव्हत्या का? तुटत होत्या. आपल्या दिंडीमागून गावचे एक चर्मकार चालायचे. आम्ही पोरं त्यांना तात्या म्हणायचो. त्यांच्याजवळ आरी, रापी, वादीचं भेंडोळं. मुक्कामाला आपण हरिपाठाला बसलो की ते कंदिलाच्या उजेडात दिंडीच्या वहाणा शिवत बसायचे. त्यांना पैसा नाही. सुगीला बलुतं मिळतंय की, असं म्हणायचे. आणि जेवायची पंगत बसली की तात्या बाजूला, झाडाखाली.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिला हात लावून पुढं जायचं नाही असं ज्यांना सांगितलं होतं, ती माणसं आत गेली. देव मोकळा झाला, पण आपल्या दिंडीची पंगत मोकळी व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. तात्या पंगतीत बसलेले मी पाहिले, तेव्हा ते थकले होते आणि मला मिसरूड फुटलेलं होतं. रोहिदासांचं नाव आपण संतांच्या मालिकेत घेतो आणि ज्यानं आपल्याला पंढरपुरापर्यंत चालवलं त्याला झाडाखाली बसवलं. हे या पुस्तकात नसेल तर पुस्तक अपुरं राहील.

आता आजचं. वाट पुन्हा बदलली आहे. पालखी मार्ग रुंद झाला, पुष्कळ ठिकाणी सिमेंटचा झाला. पाऊस ताणला की फलटण ते माळशिरस तो रस्ता तव्यासारखा तापतो. आणि माणसंही बदलली. आपल्या दिंडीत साखरेचे रोगी घरटी एक निघतील. साखरेनं पायाची जाणीव जाते. आपल्याच दिंडीतले एक गृहस्थ अनवाणी चालले, फोड आला, फुटला, खडा रुतला, त्यांना कळलंच नाही. वाखरीला पाय बघितला तेव्हा काळा पडला होता. दोन बोटं काढावी लागली. त्यांनी अनवाणी चालायचा नेम धरला होता तो माझं कीर्तन ऐकून. माझ्या आजीचं उदाहरण ऐकून. हे ते कधी बोलले नाहीत, त्यांच्या कारभारणीनं सांगितलं. त्यानंतर मी ते उदाहरण बंद केलं. आता कीर्तनात आत्याबाईंचं बोलणं सांगतो.

म्हणून चाळीस-पन्नास वर्षं चालून जे कळलं ते सांगतो. नवं पायताण घालून आळंदीला येऊ नका. दोन महिने आधी घ्या आणि रानात, बाजाराला, सगळीकडं तेच घालून पायाला बसवा. घ्यायला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय सुजलेला असतो, वारीतही सुजणार असतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहू द्या. पावसाला मागून पट्टा असलेली सँडल चांगली, पाणी निघून जातं, पाय सटकत नाही. बूट असेल तर सुती-लोकरी कसले का असेनात, मोजे कोरडे पाहिजेत. ओल्या मोज्यात चाललात की फोड आलाच म्हणून समजा. पिशवीत एक जादा जोड ठेवा. मुक्कामाला पाय धुवा, बोटांच्या बेचकीतनं कोरडे करा, मग तेल लावा. साखरेच्या माणसानं अनवाणी चालायचं नाही, आणि रोज रात्री बॅटरी लावून दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यायचे. रिंगणाला, दर्शनाला काढायचं तेवढंच काढा. आणि वाटेत जे चर्मकार बांधव फुकट चपला शिवून देतात, त्यांच्यापुढं पाय लांब करून बसू नका. चप्पल हातात द्या, आणि घेताना त्यांच्या पाया पडा.

2020 साली कोरोनात पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.तून पंढरपूरला गेल्या आणि आपण सगळे घरी बसलो. तेव्हा माझी वारीची चप्पल ओसरीत खुंटीला होती. येता-जाता तिच्याकडं बघायचो. तेव्हा कळलं की चालायला मिळणं हीच कृपा आहे. मग पायात काय आहे यावरून कुणाची भक्ती मोजायची ती काय?

शेवटी मंडळींनी ठरवलेलं सांगतो. यंदा प्रस्थानाला निघायच्या आधी आठ दिवस देवळात सगळ्यांनी आपापलं पायताण घेऊन यायचं. ज्याचं तुटकं, ते शिवून घ्यायचं, शिवणाऱ्याला रोख पैसे द्यायचे. ज्याच्याकडं नाही, त्याला भिशीतून घ्यायचं, आणि आधी बायांना विचारायचं. ज्याला मनापासून अनवाणी चालायचं आहे त्यानं खुशाल चालावं, पण त्याचा कुणी गवगवा करू नये. वहीत पीठ, मीठ, गूळ याच्या खाली पायताण असं नवीन खातं घातलं आहे. त्या खात्याला पहिले पाचशे रुपये मी तात्यांच्या नावानं जमा केले आहेत.

राम कृष्ण हरी.