परंपरा कोणत्या पिढीची?

तृतीयपंथीयांविषयीच्या मतभेदाची चर्चा निघाली, की जुनी पिढी अनुदार व नवी उदार, अशी सुटसुटीत विभागणी बहुधा केली जाते. जुने लोक परंपरेचा हवाला देतात, नवे प्रगतीचा. इतिहास मात्र या दोन्ही पक्षांस पुरता अनुकूल नाही.

मराठेशाहीत दख्खनमधील हिजड्यांना गावोगाव भिक्षा मागण्याचा हक्क राज्यसत्तेने मान्य केला होता. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने अशा हक्कांस मान्यता नाकारली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथील ‘षंढां’ची नोंदणी आरंभिली. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर येणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध ठरला. तिला दत्तक घेण्याची, मृत्युपत्र वा दानपत्र करण्याची मनाई झाली. या शेवटच्या कलमाचा आशय विशेष गंभीर आहे. ज्यांची परंपरा रक्तातून नव्हे, तर गुरूकडून चेल्याकडे चालत येते, त्यांच्या दोन पिढ्यांमधील दुवाच कायद्याने तोडू पाहिला.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने रुजविलेला संशय मात्र मागे राहिला आणि पुढील पिढ्यांनी तोच सनातन परंपरा म्हणून स्वीकारला, असे म्हणावे लागते.

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्याने मात्र त्या ओळखीस जिल्हादंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली, आणि सरकारी नोंदवहीचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

पिढ्यांचे अंतर या समाजाच्या आतही आहे. घराणे आणि गुरू यांच्या आश्रयाने जगलेल्यांना शिस्त व नाते यांत सुरक्षितता वाटते. शिक्षण व नोकरीच्या वाटेने आलेल्या अनेक तरुणांना घराण्याबाहेरही आपली ओळख मान्य व्हावी असे वाटते. एकाने निवारा राखला, दुसरा नागरिकत्व मागतो; या दोन्ही मागण्यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही.

म्हणून परंपरेचा हवाला देणाऱ्यास एवढेच विचारावे, की ही परंपरा नेमकी कोणत्या पिढीची? आजोबांचा संशय पणजोबांच्या व्यवहाराहून अर्वाचीन असू शकतो.