त्रुटीच्या पानांचा इतिहास : सर्व्हरने किती खरे बोलावे?

१/
सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एएसपी डॉट नेट या फ्रेमवर्कवर संकेतस्थळे चालवणाऱ्यांना एक चमत्कारिक सल्ला दिला. संकेतस्थळात कोणताही बिघाड होवो, येणाऱ्याला एकच पान दाखवा. मागितलेले पान अस्तित्वात नसो वा आतला प्रोग्राम कोलमडलेला असो, उत्तर तेच द्या. नव्या आवृत्त्यांवर तर ते उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि तो क्षणही दर वेळी वेगळा ठेवा.

त्रुटीचे पान ही एवढ्या जोखमीची वस्तू केव्हा झाली? त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
प्रथम थोडी ओळख. आपण दुव्यावर टिचकी मारतो, तेव्हा दूरच्या सर्व्हरवर एक प्रोग्राम चालू लागतो. डेटाबेस उत्तर देत नाही, फाइल सापडत नाही, कोठे शून्याने भागाकार होतो. असे काही घडले की प्रोग्राम नेहमीचे काम सोडून 'एक्सेप्शन' उभे करतो. वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारण्याचा तयार सांगाडा, ते झेलतो आणि एका तक्त्यात पाहतो : अशा बिघाडाला कोणता क्रमांक द्यायचा, कोणते पान दाखवायचे? तक्ता जेमतेम चार ओळींचा असतो. पण आतली गोष्ट बाहेर किती सांगायची, याचा निर्णय त्यातच दडलेला असतो.

३/
या तक्त्याचे मूळ वेबपेक्षा जुने आहे. १९७० च्या दशकात अर्पानेटवर फाइली पाठवण्यासाठी एफटीपी हा नियमसंच आखला गेला. त्यात प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकी क्रमांक आणि त्यापुढे मजकूर असे. क्रमांक यंत्रासाठी, मजकूर माणसासाठी. १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी 'आरएफसी ६४०' या दस्तऐवजात पहिल्या अंकाचे अर्थ निश्चित केले. २ म्हणजे काम झाले. ४ म्हणजे तूर्त जमले नाही, पुन्हा प्रयत्न करा. ५ म्हणजे हीच मागणी पुन्हा करू नका. १९८२ मध्ये ईमेलच्या एसएमटीपीनेही हीच रीत उचलली.

४/
वेबचा आरंभ मात्र या शहाणपणाविनाच झाला. १९९१ च्या एचटीटीपीच्या पहिल्या, अगदी साध्या आवृत्तीत उत्तराचे क्रमांक नव्हतेच. काही बिनसले तर सर्व्हर एचटीएमएलमध्ये माणसाला वाचता येईल असा मजकूर पाठवी. ते हवे असलेले पान आहे की नकार, हे मजकूर वाचूनच समजावे. ब्राउझरला ते कळण्याचा मार्ग नव्हता. वेबवर त्रुटीचे पान आधी आले आणि त्रुटीचा क्रमांक नंतर.

५/
ही उणीव पुढच्या आवृत्तीत भरून निघाली. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांनी मे १९९६ मध्ये 'आरएफसी १९४५' प्रसिद्ध केला. तीन अंकांची जुनी पद्धत त्यात होती. पण ४ आणि ५ यांचे अर्थ पालटले होते. एफटीपीत या अंकांचा प्रश्न होता, 'पुन्हा प्रयत्न करावा का?' एचटीटीपीत तो झाला, 'चूक कोणाची?' ४ ने सुरू होणारा क्रमांक सांगतो की मागणीत दोष आहे. ५ ने सुरू होणारा सांगतो की सर्व्हरच कमी पडला. ४०४ आणि ५०० हे निव्वळ क्रमांक नाहीत, तो दोषाचा निवाडा आहे.

६/
येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेणे आवश्यक आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत ४०४ क्रमांकाच्या खोलीत वेबचा पहिला डेटाबेस होता, फाइल सापडली नाही की तेथून निरोप येई, म्हणून हा क्रमांक, असे सांगितले जाते. वेबच्या उभारणीत बर्नर्स-ली यांचे सहकारी असलेले रॉबर्ट कायो यांनी ही कथा खोडून काढली आहे. पहिला ४ वर्गवारीतून आला, त्यामागचे अंक यादीतल्या क्रमाने. खोलीची गरजच नव्हती.

७/
क्रमांक ठरला, पानाचे काय? १९९५ मध्ये आलेल्या अपाची सर्व्हरच्या 'एररडॉक्युमेंट' या सूचनेने प्रत्येक क्रमांकाला चालकाच्या पसंतीचे पान जोडता येऊ लागले. पण त्यात एक फसगत होती. पानाचा पत्ता 'एचटीटीपी'पासून पूर्ण लिहिला, तर सर्व्हर ब्राउझरला त्या पत्त्यावर जायला सांगे आणि मूळचा ४०४ वाटेतच हरवे. नव्या पत्त्यावर पान नीट सापडे, त्यामुळे क्रमांक मिळे २००, म्हणजे 'सर्व ठीक'. ओठात एक आणि पोटात एक! माणूस 'पान सापडले नाही' असे वाचे, तर शोधयंत्र ते खरे पान समजून यादीत घेई. अशा पानांना पुढे 'सॉफ्ट ४०४' हे नाव पडले.

८/
दुसरा घोटाळा ब्राउझरच्या बाजूने झाला. सर्व्हरचे रूक्ष संदेश सामान्य माणसाला कळत नाहीत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर ५ आपलेच 'स्नेहपूर्ण' पान पुढे करू लागला. सर्व्हरने पाठवलेले त्रुटीचे पान फार लहान असेल, बहुतेक क्रमांकांसाठी ५१२ बाइटांपर्यंत, तर ते दडपले जाई. मग आपले पान दिसावे म्हणून विकासक त्यात निरर्थक मजकूर कोंबून त्याचे वजन वाढवू लागले.

९/
तोवर पानांमागच्या सुट्या फाइलींची जागा प्रोग्रामांनी घेतली होती. १९९९ च्या जावा सर्व्हलेट २.२ या मानकाने 'वेब.एक्सएमएल' ही फाइल आणली आणि तीत 'एरर-पेज' हा घटक. तो दोन प्रकारे लिहिता येई : अमुक क्रमांक आला तर हे पान, किंवा अमुक जातीचे एक्सेप्शन आले तर हे पान. प्रोग्रामच्या आत उद्भवलेल्या बिघाडाचे बाहेरच्या पानाशी नाते जोडणारा तक्ता अशा रीतीने मानकातच आला. मूळ एक्सेप्शनची माहिती त्या पानाला आतल्या आत पोहोचे; ती वाचकाला दाखवायची की नाही, हे पान लिहिणाऱ्याने ठरवायचे.

१०/
२००४ मध्ये रुबी ऑन रेल्स आणि २००५ मध्ये जँगो ही फ्रेमवर्के खुली झाली. डेटाबेसात नोंद सापडली नाही तर रेल्स ४०४ देतो. अनपेक्षित एक्सेप्शन आले तर ५००. जँगोत 'डीबग' नावाची एक कळ आहे. ती चालू असेल तर बिघाडाची सारी कुंडली पानावर उमटते. बंद असेल तर पाहुण्याला एक त्रोटक पान आणि तपशील ईमेलने व्यवस्थापकाला. प्रत्यक्ष वापरातल्या संकेतस्थळावर ही कळ चालू राहणे म्हणजे घराचा नकाशा दारावर टांगणे होय.

११/
रेल्सची ५०० ची फाइल मुद्दाम साधी, आधीच लिहून ठेवलेली असते. कारण व्यवहारी आहे. डेटाबेस बंद पडल्यामुळे त्रुटीचे पान दाखवायचे आणि ते पानच डेटाबेसावर अवलंबून, असे झाले तर तेही कोसळणार. आग विझवण्याचे पाणी जळत्या घरात साठवत नाहीत.

१२/
आता २०१० कडे. त्याचे बीज २००२ मध्ये सर्ज वोदने या संशोधकाच्या निबंधात होते. सांकेतिक मजकूर ठरावीक लांबीच्या ठोकळ्यांत बसवण्यासाठी शेवटी भरणा घालतात, त्याला 'पॅडिंग' म्हणतात. सर्व्हर मजकूर उलगडतो तेव्हा भरण्याची रचना चुकलेली असेल तर तक्रार करतो. वोदने यांनी दाखवले की 'भरणा बरोबर' की 'भरणा चूक' एवढे एकच उत्तर वारंवार मिळाले, तरी किल्ली हाती नसताना मूळ मजकूर एकेक बाइट करून उलगडता येतो. एका बाइटसाठी फार तर २५६ प्रयत्न.

१३/
सप्टेंबर २०१० मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एकोपार्टी परिषदेत जुलियानो रिझो आणि थाई डुआँग यांनी हेच एएसपी डॉट नेटवर करून दाखवले. मुद्दाम बिघडवलेला सांकेतिक मजकूर सर्व्हरला पाठवायचा आणि कोणती त्रुटी येते ते पाहायचे. भरणा चुकला तर एक उत्तर. भरणा बरोबर पण मजकूर निरर्थक, तर दुसरे. सर्व्हर गुपित सांगत नव्हता. तो केवळ दोन त्रुटींत फरक करत होता. तेवढ्या फरकावरून आतल्या गोपनीय फाइलींपर्यंत पोहोचता येत होते.

१४/
आरंभीचा तो सल्ला आता उलगडतो. ४०४ ला एक पान, ५०० ला दुसरे, ही वर्षानुवर्षे उत्तम मानलेली रीतच हल्लेखोराला उत्तरे पुरवत होती. म्हणून सर्व त्रुटींना एकच पान. आणि उत्तराला लागणाऱ्या वेळेतूनही भेद कळू नये म्हणून तो यादृच्छिक विलंब. झाकली मूठ सव्वा लाखाची! हा उपाय अर्थातच तात्पुरता होता. २८ सप्टेंबर २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर 'एमएस१०-०७०' ही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

१५/
मूठ झाकणे हाच नेहमी धर्म आहे, असे मात्र नाही. १९९९ च्या 'आरएफसी २६१६' ने सर्व्हरला मुभा दिली : 'मनाई आहे' असा ४०३ सांगायचा नसेल तर ४०४ द्या. खासगी वस्तूचे अस्तित्वही लपवायचे असते तेव्हा ते रास्तच. पण कायद्याच्या आदेशाने एखादे पान रोखले असेल आणि वाचकाला 'सापडले नाही' एवढेच सांगितले, तर तो आडपडदा कोणाच्या हिताचा? फेब्रुवारी २०१६ मध्ये टिम ब्रे यांनी लिहिलेल्या 'आरएफसी ७७२५' ने अशा प्रसंगासाठी ४५१ हा क्रमांक दिला. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या ग्रंथदहनावरील कादंबरीचे हे स्मरण. येथे नेमका क्रमांक सांगणे हाच नागरिकाचा मान.

१६/
यंत्राला क्रमांक, वाचकाला समजेल असे वाक्य, आणि संपूर्ण तपशील केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या नोंदवहीत. चांगल्या फ्रेमवर्कमधील तक्ता या तिघांचा वाटा वेगळा ठेवतो. वाटा चुकला तर कधी वाचक फसतो, कधी शोधयंत्र, तर कधी सारे घर उघडे पडते.

पुढच्या वेळी एखाद्या संकेतस्थळावर ५०० दिसला, तर आपलेच काही चुकले असे मानून ओशाळू नका. पहिला अंक ५ आहे, तेव्हा दोष आपला आहे हे सर्व्हरनेच कबूल केलेले असते.

(समाप्त)