दुधाची दाढ आणि तिचें औषध

दुधाचे दांत आज ना उद्यां पडावयाचेच, मग त्यांच्या किडीची एवढी काळजी कशाला, अशी समजूत घरोघर आढळते. ती फसवी आहे. दुधाची दुसरी दाढ दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते, ती दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाची असते. मुलाचें चर्वण तिच्यावर अवलंबून असतेंच. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दांताची जागाहि तीच राखते. ती अकालीं काढली, तर सहाव्या वर्षीं तिच्या मागें उगवणारी कायमची दाढ पुढें सरकते आणि नव्या दांताची वाट अडते. म्हणून कीड आंतील मज्जेपर्यंत पोंचल्यावरहि दाढ कशी वांचवावी, हा दंतवैद्यकापुढील जुना प्रश्न आहे.

१७५६ सालीं बर्लिनच्या फिलिप फाफ यानें उघड्या पडलेल्या मज्जेवर सोन्याच्या पातळ पत्र्याचें झांकण घालण्याची रीत वर्णिली. १८३६ सालीं अमेरिकेंतील स्पूनर यानें सोमलानें मज्जा मारण्याचा उपाय प्रसिद्ध केला. वेदना थांबे, पण विष बाहेर झिरपल्यास हिरडी व हाडहि जळे.

१९०४ च्या सुमारास बक्ली या अमेरिकन दंतवैद्यानें फॉर्मोक्रेसॉल पुढें आणलें. १९३० च्या सुमारास स्वीट यानें दुधाच्या दाढांकरितां त्याचा प्रसार केला. दाढेच्या माथ्यांतील रोगट मज्जा काढावयाची आणि मुळांतील मज्जेवर या औषधाचा बोळा ठेवावयाचा, ही ती रीत. पुढें ही मुदत अवघ्या पांच मिनिटांवर आली. यांतील फॉर्मॅल्डिहाइड म्हणजे प्रेतें टिकविण्याचें द्रव्य. तें मज्जेस बरी करीत नाहीं. तिला गोठवून ठेवतें.

याच्या उलट विचार जर्मनीच्या हेर्मान यानें १९२० सालीं मांडला. त्याचें औषध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विड्याच्या पानाला लावतात तोच चुना. कायमच्या दांतांत जिवंत मज्जा या चुन्याखालीं स्वतःच कठीण थर बांधते. दुधाच्या दाढेंत मात्र पुष्कळदां मूळच आंतून झिजूं लागे, आणि फॉर्मोक्रेसॉलचें आसन पक्कें राहिलें.

त्यास धक्का बसला तो २००४ सालीं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें फॉर्मॅल्डिहाइड हें माणसांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य ठरविलें. दाढेंत जाणारी मात्रा अत्यल्प असली, तरी बालकाच्या बाबतींत जोखीम कां पत्करावी, हा प्रश्न उभा राहिला.

पर्याय तयार होता. १९९३ पासून कॅलिफोर्नियांतील लोमा लिंडा विद्यापीठाच्या तोराबिनेजाद यांनीं एम. टी. ए. हें मिश्रण पुढें आणलें होतें. त्यांतील मुख्य घटक, आस्पडिन यानें १८२४ सालीं ज्याचा हक्क नोंदविला तें घरबांधणीचें पोर्टलंड सिमेंट. क्ष-किरणांत दिसावें म्हणून त्यांत बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलें. तें ओलाव्यांतच घट्ट होतें, फट ठेवीत नाहीं आणि त्यांतून तोच चुना हळूहळू सुटतो. दोष इतकेच, कीं तें महाग आहे, घट्ट होण्यास कांहीं तास लागतात आणि दांत काळवंडतो. नंतर आलेलें बायोडेंटिन सुमारें बारा मिनिटांत घट्ट होतें.

२०१७ सालीं अमेरिकेंतील बालदंतवैद्यकांच्या संस्थेनें पुरावा तपासला, तेव्हां एम. टी. ए. व फॉर्मोक्रेसॉल या दोहोंची जोरदार शिफारस झाली. चुना मात्र टाळावा असें ठरलें. यशांत दोन्ही जवळजवळ असतांना निवड सुरक्षिततेवर येते, आणि तेथें सिमेंटाची बाजू वरचढ ठरते.

तथापि कोणतेंहि औषध उशिरा आणलेल्या दाढेस तारीत नाहीं. माथ्याची मज्जा काढल्यावर रक्त कांहीं मिनिटांत थांबलें, तरच मुळांतील मज्जा निरोगी समजतात. ती घटका साधणें औषधापेक्षांहि आईबापांच्या वेळेवर लक्ष देण्यावर अवलंबून असतें.