ट्रायम्फ हेराल्ड : पुढील सस्पेन्शनमधील बदल
इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या आणि पुढे मद्रासलाही ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने बनलेल्या या छोट्या मोटारीला, त्याच घराण्यातील सहा सिलिंडरच्या व्हिटेस किंवा जीटी६ चे पुढचे भाग बसवतात. हेतू मुख्यतः ब्रेक सुधारण्याचा. व्हर्टिकल लिंक, स्टब अ‍ॅक्सल, डिस्क व कॅलिपर एकाच संचातून घ्यावेत. स्प्रिंगा मात्र घेऊ नयेत. त्या जड इंजिनासाठी असल्याने हलक्या हेराल्डचे नाक वर राहते. खरी मेख खालच्या ट्रुनियनमध्ये, म्हणजे व्हर्टिकल लिंकचे खालचे टोक ज्यात आट्यांनी बसते त्या सांध्यात आहे. त्याच्या आट्यांत ईपी ९० गिअर ऑइल लागते, ग्रीसवर भागत नाही. आटे कोरडे राहिले, की लिंक आट्यांपाशी गंजते आणि वळण घेताना तुटून चाक कोलमडते. म्हणून जुनी लिंक आटे उघडून तपासल्याशिवाय कधीही बसवू नये.