वास्तूचा दाखला आणि कराची सूट

जुन्या वास्तूचे जुनेपण सरकारदरबारी सिद्ध करावयाचे आणि त्याच्या बळावर करात सूट मागावयाची, हा व्यवहार पुष्कळांस परदेशी व अगदी अलीकडचा वाटतो. वस्तुतः कृष्णाकाठास तो नवा नाही. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील कित्येक देवालये व घाट दगडचुन्याने उभे राहिले खरे. परंतु ते टिकले सारामाफीच्या सनदांनी. त्या जुन्या व्यवहाराकडे पाहिले असता आजच्या कागदसंग्राहकांवरही एक कर्तव्य येऊन पडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात लिखित, भुक्ती व साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत. मराठी राज्यातील इनामांचा निवाडा बहुधा याच तीन प्रमाणांवर होत असे. देवस्थानास जमीन नेमून दिली, तिचा सारा माफ केला, आणि त्या उत्पन्नातून पूजा, नंदादीप व वास्तूची डागडुजी चालावी, ही सर्वत्रची रीत होती. सनदेच्या अखेरीस अंमलदारास जी आज्ञा असे ती संग्राहकांच्या परिचयाची आहे. दरसाल नव्या पत्राची अपेक्षा करू नये. नक्कल लिहून ठेवावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी परत द्यावे. म्हणजे सरकारात राहावयाची ती नक्कल, आणि घरी राहावयाचे ते अस्सल. जुन्या घराण्यांच्या माळ्यावर अस्सल सनदा सापडतात त्याचे कारण या एका वाक्यात आहे.

या कागदांची खरी परीक्षा इंग्रजी अमलात झाली. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. व्यक्तिगत इनाम असल्यास ते किती वर्षांचे व कितव्या पिढीचे, हे पाहिले जाई. देवालय, मशीद व तत्सम संस्था यांच्या बाबतीत संस्थेचे स्वरूप निःसंशय कायमचे आहे की नाही, हा मुख्य प्रश्न असे. इनामदाराने पुढे केलेला कागद पुण्याच्या पेशवे दप्तराशी ताडून पाहण्यात येई. पुढे १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी ठराविक रक्कम भरून या चौकशीतून सुटण्याची वाट मोकळी झाली. अखेर १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे १९५३ मध्ये नष्ट झाली; देवस्थान इनामे मात्र त्या कायद्यातून वगळलेली होती. परिणाम असा झाला की एकाच घराण्याने बांधलेल्या देवळास थोडाफार आधार उरला आणि शेजारचा वाडा निराधार झाला.

या निराधार वाड्यांस आज कोणता आश्रय आहे? १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारक कायद्याने वास्तू संरक्षित जाहीर करता येते. मुंबईत १९९५ च्या नियमावलीने वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी लागू झाली. प्राप्तिकरापुरते पाहता १९६१ च्या कायद्याच्या ८०-जी कलमात एक लक्षणीय तरतूद होती. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या देवालय, मशीद, गुरुद्वारा, चर्च वा अन्य स्थानाच्या दुरुस्तीस देणगी दिल्यास, ठराविक मर्यादेत निम्म्या रकमेवर सूट मिळे. परंतु ही सूट देणगीदारास होती. स्वतःच्या पैशाने जुना वाडा सावरणाऱ्या मालकास तिचा उपयोग नव्हता.

अमेरिकेत याच मालकास हाती धरले आहे. तेथे १९७६ च्या कायद्याने आरंभ झाला. हल्लीच्या नियमानुसार प्रमाणित ऐतिहासिक इमारतीच्या मान्य दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा मिळते. मात्र इमारत उत्पन्न देणारी हवी, मालकाचे केवळ राहते घर चालत नाही. अर्जाचे भाग तीन. पहिल्यात इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व सिद्ध करावयाचे, दुसऱ्यात योजिलेली दुरुस्ती सांगावयाची, आणि तिसऱ्यात पुरे झालेले काम तपासून घ्यावयाचे. कामापूर्वीची छायाचित्रे त्यास जोडावी लागतात. लिखित, भुक्ती व साक्षी यांचेच हे नवे रूप होय. येथे साक्ष देते ती प्रत्यक्ष वास्तू. आपल्याकडे उद्या अशी सवलत आली तरी पहिला भाग भरावयास कागदच लागणार.

येथे स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. शाळेच्या सुट्टीत आम्ही सायकलवरून गावोगाव हिंडून रुमाल गोळा केले. कागद वाळवी व रद्दीवाला यांपासून वाचले, यातच आम्हांस धन्यता वाटे. पुढे विषयवार लावण्याच्या हौसेने रुमाल सोडले, आणि कोणता कागद कोणत्या घरचा याची टीप ठेविली नाही. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका वाड्याचे मालक आमच्याकडे आले. वारसा यादीत नाव लागावे म्हणून त्यांस बांधकामाच्या सालाचा पुरावा हवा होता. त्यांच्या वडिलांनी दप्तर आमच्याच स्वाधीन केले होते. सुतार-गवंड्यांच्या मजुरीचे आणि सागवान व चुना यांच्या खरेदीचे तीन जमाखर्च आमच्या संग्रहात निघाले. पण ते त्याच वाड्याचे, हे आम्हांस शपथेवर सांगता येईना. पुढील पावसाळ्यात मागला चौक बसला व तो उतरवावा लागला. कागदाने चौक वाचलाच असता असे नाही; परंतु मालकास रिकाम्या हाताने पाठविले ते आम्ही.

मिरजेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तेव्हा तो कोणत्या दप्तराचा हे जगास कळले. मेणवलीच्या वाड्यातील नाना फडणविसांचे दप्तर पारसनिसांच्या संग्रहात गेले, आणि तो संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजात आला. तरी मेणवलीचे नाव त्यास चिकटून राहिले. नाव राहिले म्हणूनच तो कागद आजही त्या वाड्याची साक्ष देऊ शकतो.

तेव्हा संग्राहक बंधूंस विनंती एवढीच की, रुमाल सोडण्यापूर्वी गाव, घर व तिथी यांची टीप करावी आणि कागद जेथून आणिला त्या घरी त्याची नक्कल पोचवावी. जुन्या सनदेत नक्कल सरकारची व अस्सल घरचे असे. आपण अस्सल घेऊन आलो आहोत; निदान नक्कल तरी भोगवट्यासाठी परत द्यावी.